विश्लेषण : ‘लोन रेंजर’ खरोखरच एकटा होता का? पाऊणशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या भागातील सुटकेची गोष्ट काय सांगते?

एकट्याने किल्ला लढवणाऱ्या नेत्याला, खेळाडूला किंवा अधिकाऱ्याला इंग्रजी मथळ्यांमध्ये हमखास ‘लोन रेंजर’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग जगभर पोहोचला तो एका अमेरिकी काउबॉय मालिकेमुळे. डोळ्यांवर काळा मुखवटा, पांढरा घोडा आणि चांदीच्या गोळ्या अशा थाटातला तिचा नायक अमेरिकेतील एका पिढीचे दैवत होता. मात्र १५ सप्टेंबर १९४९ रोजी प्रसारित झालेला या मालिकेचा पहिला भाग आज पाहिला, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. हा नायक एकटा नव्हता. इतकेच नव्हे, तर एका मूळनिवासी तरुणाने त्याला मरणाच्या दारातून परत आणले नसते, तर मालिका पहिल्या पंधरा मिनिटांतच संपली असती. मग नाव ‘एकट्या’चे का झाले आणि वाचवणारा मागे का राहिला?

पहिल्या भागात नेमके काय घडते?

भागाचे नाव ‘एन्टर द लोन रेंजर’. टेक्सास रेंजर्स या पोलीस दलातील सहा जण बुच कॅव्हेंडिश या कुख्यात दरोडेखोराच्या टोळीचा माग काढत निघतात. त्यांचे नेतृत्व कॅप्टन डॅन रीड करत असतो आणि त्याचा धाकटा भाऊही पथकात असतो. वाट दाखवायला कॉलिन्स नावाचा वाटाड्या असतो. पण तो फितूर निघतो. तो पथकाला ब्रायंट्स गॅप या अरुंद खिंडीत नेतो. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर टोळी दबा धरून बसलेली असते. खिंडीत गाठलेल्या रेंजर्सवर वरून गोळ्यांचा वर्षाव होतो आणि थोड्याच वेळात सगळे शांत होते. काम झाल्यावर कॅव्हेंडिश फितुरालाही गोळी घालतो. आपल्या लोकांना विकणारा उद्या आपल्यालाही विकेल, असा त्याचा हिशेब.

सहापैकी पाच जण मरतात. सहावा, म्हणजे कॅप्टनचा धाकटा भाऊ, गंभीर जखमी अवस्थेत सरपटत पाण्यापर्यंत पोहोचतो. तिथे त्याला टोंटो सापडतो. टोंटो त्याच्या जखमा धुतो, बांधतो, त्याला गुहेत लपवतो आणि दिवसरात्र शुश्रूषा करतो. मग तो पाच मृतदेहांसाठी सहा थडगी खणतो. टोळीने परत येऊन पाहिले, तर सगळे संपले असेच तिला वाटावे, यासाठी ही युक्ती. बरा झालेला रेंजर मृत भावाच्या जाकिटाच्या कापडातून मुखवटा बनवतो आणि जगासाठी मेलेलाच राहायचे ठरवतो. सहापैकी एकटाच उरला, म्हणून तो ‘लोन’ रेंजर.

म्हणजे ‘एकटा’ हा शब्द मूळ कथेत पराक्रमाचा नाही, तर शोकाचा आहे. सहकारी आणि भाऊ गमावलेल्या माणसाचे ते वर्णन आहे. ‘कुणाच्याही मदतीशिवाय लढणारा’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

टोंटो त्याला का वाचवतो?

याचे उत्तर कथेतच आहे. जखमी माणसाला पाहताच टोंटो त्याला ओळखतो. दोघे लहान असताना टोंटोच्या वस्तीवर हल्ला झाला होता, घरची माणसे मारली गेली होती आणि टोंटोलाही मेला म्हणून सोडून देण्यात आले होते. तेव्हा या रीडनेच त्याला शोधून, त्याची सेवा करून बरे केले होते. त्याच वेळी टोंटोने त्याला ‘किमोसाबे’ म्हणजे विश्वासू मित्र हे नाव दिले होते. खिंडीतील सुटका ही त्या सुटकेची परतफेड ठरते.

पहिल्या तीन भागांची मिळून एक सलग कथा होते आणि तिच्यात सुटकेची ही साखळी पुढेही चालू राहते. दुसऱ्या भागात हे दोघे रानरेड्याच्या तावडीतून एका जखमी पांढऱ्या घोड्याला सोडवतात. बरा झाल्यावर त्याला बांधून न ठेवता मोकळे सोडले जाते. पण घोडा स्वतःहून त्यांच्यामागे येतो. हाच तो ‘सिल्व्हर’. टोंटोने रेंजरला वाचवले, रेंजरने कधी काळी टोंटोला वाचवले होते आणि दोघांनी मिळून घोड्याला वाचवले. मालिकेची सारी नाती अशा ऋणातून जन्माला येतात. नायकाकडे सरकारी बिल्ला नाही, पगार नाही, नावही नाही. आपण कुणामुळे तरी जिवंत आहोत, ही जाणीव तेवढी आहे.

दिग्दर्शनातील एक बारकावाही लक्ष देण्याजोगा आहे. मुखवटा चढेपर्यंत नायकाचा चेहरा प्रेक्षकांना नीट दिसू दिलेला नाही. कधी सावली, तर कधी कॅमेऱ्याचा कोन आड येतो. टोंटोचा चेहरा मात्र स्पष्ट दिसतो. ज्याला आपण ‘मदतनीस’ म्हणतो, तोच या भागात बराच वेळ पडद्यावरचा खरा कर्ता आहे.

त्या काळात हे वेगळे कसे होते?

अमेरिकेत ‘सुटकेची गोष्ट’ सांगण्याचा एक ठरलेला साचा होता. मूळनिवासी टोळ्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या बायकामुलांना पळवून नेतात आणि गोरा वीर त्यांना सोडवून आणतो. अशा कथा सतराव्या शतकापासून छापल्या जात होत्या. पुढे त्या कादंबऱ्यांत आणि मग वेस्टर्न चित्रपटांत आल्या. जॉन फोर्ड यांचा १९५६ मधील ‘द सर्चर्स’ हा याच साच्यातला सर्वात गाजलेला चित्रपट. मात्र त्याने या साच्यातील वंशद्वेषही उघडा केला.

‘लोन रेंजर’च्या पहिल्या भागाने भूमिका उलटवल्या. इथे हल्ला करणारी टोळी गोऱ्यांची आहे, मरणारे गोरे आहेत आणि वाचवणारा मूळनिवासी आहे. मात्र हे उलटणे अर्धवटच राहिले. फितूर वाटाड्या संमिश्र वंशाचा दाखवला आहे. टोंटोच्या घरच्यांना मारणारेही मूळनिवासीच आहेत. साचा पूर्ण मोडला गेला नाही, त्याला एक तडा गेला इतकेच. तरीही तो काळ पाहता हा तडा किरकोळ नव्हता. अमेरिकेतील सर्व मूळनिवासींना नागरिकत्व मिळाले १९२४ मध्ये. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत तर मतदानाचा हक्क न्यायालयीन लढाईनंतर १९४८ मध्ये मिळाला. म्हणजे ही मालिका सुरू होण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी.

टोंटो हे पात्र आले कुठून?

टोंटोचा जन्म टेक्सासच्या माळरानावर नव्हे, तर डेट्रॉइट शहरातील एका रेडिओ केंद्रात झाला. डब्ल्यूएक्सवायझेड या केंद्राचे मालक जॉर्ज ट्रेंडल आणि लेखक फ्रॅन स्ट्रायकर यांनी १९३३ च्या जानेवारीअखेरीस ‘लोन रेंजर’ ही श्राव्यमालिका सुरू केली. सुरुवातीच्या भागांत नायक खरोखरच एकटा होता आणि तीच अडचण झाली. रेडिओवर चित्र नसते. नायक मनात काय योजतो आहे, कुठे निघाला आहे, हे श्रोत्यांना कळायचे तर त्याने कुणाशी तरी बोलायला हवे. घोड्याशी किती बोलणार? म्हणून काही भागांनंतर टोंटोला आणण्यात आले. ‘एकट्या’ नायकाला एकटे ठेवणे पहिल्या महिन्यातच जमले नाही, असा याचा अर्थ.

रेडिओवर टोंटोला आवाज दिला तो जॉन टॉड या गोऱ्या अभिनेत्याने. तिथे टोंटो हा पोटावाटोमी जमातीचा असल्याचे सांगितले गेले. ही जमात मुळात मिशिगनसह ग्रेट लेक्स परिसरातील. टेक्सासच्या कथेत ती यावी, याचे कारण एकच. मालिका तयार करणारी मंडळी मिशिगनमध्ये बसली होती.

नावाचाही गोंधळ झाला. स्पॅनिश भाषेत ‘टोंटो’ म्हणजे मूर्ख. त्यामुळे स्पॅनिश आवृत्तीत या पात्राचे नाव बदलून ‘टोरो’ करावे लागले. ‘किमोसाबे’ या शब्दाचा उगमही रंजक आहे. श्राव्यमालिकेचे दिग्दर्शक जिम ज्युएल यांच्या सासऱ्यांचे मिशिगनमध्ये मुलांसाठी उन्हाळी शिबिर होते. त्या शिबिराच्या नावावरून हा शब्द घेतल्याचे सांगितले जाते. काही अभ्यासक तो ओजिब्वे भाषेतील ‘लपून पाहणारा’ अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतात. मालिकेने मात्र ‘विश्वासू मित्र’ हाच अर्थ रूढ केला.

टोंटोने रेंजरला प्रत्यक्षातही वाचवले होते का?

एका अर्थाने हो. एप्रिल १९४१ मध्ये रेडिओवर लोन रेंजरला आवाज देणारे अर्ल ग्रेझर यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. मालिका आठवड्यातून तीनदा प्रसारित होत होती. नायकाचा आवाज एका रात्रीत बदलला, तर लाखो मुले गोंधळून जाणार होती. लेखकांनी मार्ग काढला तो असा : रेंजर गंभीर जखमी झाला आहे आणि त्याला जेमतेम कुजबुजता येते. पुढचे काही भाग सारी सूत्रे टोंटोने हाती घेतली. त्याने शत्रूंना तोंड दिले, जखमी मित्राची काळजी घेतली. रेंजर हळूहळू बरा झाला तेव्हा त्याचा आवाज ब्रेस बीमर यांचा होता. बीमर यांनी पुढे १९५४ पर्यंत ही भूमिका निभावली. खिंडीतील कथेत टोंटोने पात्राला वाचवले, तर इथे त्याने मालिकाच वाचवली.

दूरचित्रवाणीवर मालिका इतकी लोकप्रिय का झाली?

१९४९ मध्ये दूरचित्रवाणी बाल्यावस्थेत होती. बहुतेक कार्यक्रम स्टुडिओतून थेट प्रसारित होत. ‘लोन रेंजर’चे चित्रीकरण मात्र फिल्मवर झाले आणि त्यासाठी कॅलिफोर्नियातील आयव्हर्सन मूव्ही रँचसारख्या खडकाळ परिसराचा वापर झाला. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ज्या उंच खडकाशेजारी सिल्व्हर मागच्या पायांवर उभा राहतो, तो खडक आजही ‘लोन रेंजर रॉक’ म्हणून ओळखला जातो. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरातील वाद्यसंगीत इतके घराघरांत पोहोचले की, अनेकांना ते या मालिकेसाठीच रचले आहे असे वाटे. ही मालिका एबीसी वाहिनीचे पहिले मोठे यश ठरली. १९५७ पर्यंत तिचे २२१ भाग झाले.

नायकाची भूमिका क्लेटन मूर यांनी केली. मध्यंतरी ५२ भागांत त्यांच्या जागी जॉन हार्ट होते. मुखवट्यामुळे बदल लक्षात येणार नाही, असे निर्मात्यांना वाटले असावे. पण प्रेक्षकांना मूरच हवे होते आणि ते परतले. टोंटो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिला : जे सिल्व्हरहील्स.

नायकासाठी कडक आचारसंहिता होती. तो दारू पीत नाही, धूम्रपान करत नाही, शिवी देत नाही. त्याचे इंग्रजी व्याकरणशुद्ध असते. तो गोळी झाडतो ती जायबंदी करण्यासाठी, जीव घेण्यासाठी नाही. चांदीच्या गोळीमागेही हाच विचार आहे. माणसाचा जीव चांदीसारखा मौल्यवान आहे, तो उधळायचा नाही, याची ती आठवण. भाऊ आणि चार सहकारी डोळ्यांदेखत गमावलेला माणूस पहिल्याच भागात सूडाऐवजी हा निश्चय करतो, हे आजच्या ॲक्शनपटांच्या तुलनेत विशेष म्हणावे लागेल.

पण याच आचारसंहितेतली विषमताही दिसते. रेंजरचे व्याकरण निर्दोष. टोंटोच्या तोंडी मात्र क्रियापदे गाळलेली, तुटकी वाक्ये. ज्याच्याकडे जखमा बऱ्या करण्याचे ज्ञान आहे, माग काढण्याची नजर आहे आणि सहावे थडगे खणण्याची हुशारी आहे, तोच बोलू लागला की बालिश वाटावा, अशी ही रचना होती. अनेक भागांत गावात जाऊन बातमी काढायची आणि मार खायचा, हेही टोंटोच्याच वाट्याला आले. पुढे विनोदवीरांनी यावर भरपूर हात धुऊन घेतले.

जे सिल्व्हरहील्स कोण होते?

त्यांचे मूळ नाव हॅरोल्ड स्मिथ. जन्म १९१२ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, सिक्स नेशन्स या राखीव प्रदेशात. ते मोहॉक समाजाचे होते. तरुणपणी लॅक्रॉस या खेळातील नावाजलेले खेळाडू होते आणि मुष्टियुद्धही खेळत. खेळाच्या निमित्ताने अमेरिकेत फिरताना ते हॉलिवूडपर्यंत पोहोचले. तिथे अनेक वर्षे त्यांना किरकोळ, बिननावाच्या भूमिका मिळाल्या. रेडिओवर गोऱ्या माणसाने केलेली टोंटोची भूमिका दूरचित्रवाणीवर एका मूळनिवासी अभिनेत्याकडे आली, हीच त्या वेळी मोठी गोष्ट होती.

प्रत्यक्षात त्यांचे इंग्रजी अस्खलित होते. पडद्यावरची तुटकी भाषा हे त्यांच्यासाठी रोजचे काम होते आणि रोजचे ओझेही. मूळनिवासी समाजातूनही त्यांच्यावर टीका झाली. गोऱ्या माणसाच्या मागे चालणारा आज्ञाधारक, अशी प्रतिमा त्यांनी घट्ट केली, असा आक्षेप होता. दुसरीकडे, मूळनिवासी माणूस शहाणा, शूर आणि विश्वासू असू शकतो हे दर आठवड्याला लाखो घरांत दाखवणारे तेच होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

एक विसंगती तर बोलकी आहे. ज्या काळात सिल्व्हरहील्स उत्तर अमेरिकेतील सर्वात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक होते, त्या काळात त्यांच्या जन्मभूमीत, म्हणजे कॅनडात, मूळनिवासींना आपला कायदेशीर दर्जा न सोडता राष्ट्रीय निवडणुकीत मतदान करता येत नव्हते. तो हक्क मिळाला १९६० मध्ये. तेव्हा मालिका संपून तीन वर्षे झाली होती.

मालिकेनंतर त्यांना ठसठशीत भूमिका फारशा मिळाल्या नाहीत. त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये मूळनिवासी कलाकारांसाठी अभिनयाची कार्यशाळा सुरू केली. १९६९ मध्ये जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमातील एका प्रहसनात त्यांनी नोकरी शोधणारा टोंटो साकारला. आपण मालकासाठी इतकी वर्षे काय काय राबलो, याची यादी तो वाचून दाखवतो. प्रेक्षक खळखळून हसले. पण त्या यादीत चेष्टेपेक्षा हिशेब अधिक होता. १९७९ मध्ये हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर त्यांच्या नावाचा तारा बसवण्यात आला. पुढच्याच वर्षी, मार्च १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

खरे टेक्सास रेंजर्स कसे होते?

मालिकेतील रेंजर आणि इतिहासातील रेंजर यांत मोठे अंतर आहे. टेक्सास रेंजर्सची मुळे १८२३ पर्यंत जातात आणि १८३५ मध्ये दलाला औपचारिक रूप मिळाले. सरहद्दीवरील वसाहतींचे रक्षण हे त्यांचे काम. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग म्हणजे कोमांचे आणि इतर मूळनिवासींविरुद्धची युद्धे होती. जानेवारी १९१८ मध्ये पोर्वेनीर या खेड्यात मेक्सिकन वंशाच्या १५ पुरुष आणि मुलांना ठार मारण्यात आले. त्यात रेंजर्सची एक तुकडी सामील होती. पुढच्या वर्षी विधिमंडळात चौकशी झाली आणि दलाचा आकार घटवण्यात आला.

रेंजर्सनी केलेली एक ‘सुटका’ तर या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. मे १८३६ मध्ये टेक्सासमधील फोर्ट पार्करवर झालेल्या हल्ल्यात सिंथिया ॲन पार्कर ही सुमारे नऊ वर्षांची मुलगी पळवली गेली. ती कोमांचे समाजातच वाढली, त्यांचीच झाली. तिथले तिचे नाव नादुआ. पीटा नोकोना या प्रमुखाशी तिचा विवाह झाला आणि तिला तीन मुले झाली. डिसेंबर १८६० मध्ये पीज नदीकाठच्या तळावर रेंजर्सनी हल्ला केला आणि तान्ह्या मुलीसह तिला ‘सोडवून’ आणले. वृत्तपत्रांनी आनंद साजरा केला, विधिमंडळाने तिला जमीन आणि भत्ता मंजूर केला. तिला मात्र परत जायचे होते. तिने पळून जाण्याचे प्रयत्न केले. प्रत्येक वेळी तिला परत आणण्यात आले. काही वर्षांतच तिची मुलगी आजाराने दगावली आणि १८७० च्या आसपास तीही गेली. तिचा मुलगा क्वाना पार्कर पुढे कोमांचेंचा मोठा नेता झाला. ‘द सर्चर्स’मागे तिच्या कथेची छाया असल्याचे मानले जाते.

सुटका कुणाची, कुणापासून आणि सुटणाऱ्याला विचारले कुणी, हे प्रश्न सिंथियाच्या आयुष्याने उभे केले. टोंटोच्या कथेत निदान एवढे तरी आहे की, वाचवणारा वाचलेल्याला त्याच्या मर्जीविरुद्ध कुठे घेऊन जात नाही. तो त्याला बरे करतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो.

‘खरा लोन रेंजर कृष्णवर्णीय होता’ या दाव्यात तथ्य किती?

समाजमाध्यमांवर हा दावा सतत फिरतो. तो बॅस रीव्हज यांच्याविषयी असतो. गुलामगिरीत जन्मलेले रीव्हज पुढे अमेरिकेच्या केंद्रीय न्यायव्यवस्थेचे डेप्युटी मार्शल झाले. आजच्या ओक्लाहोमामध्ये त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. तीन हजारांहून अधिक जणांना अटक केल्याची नोंद त्यांच्या नावावर सांगितली जाते. वेषांतर आणि मूळनिवासी सहकाऱ्यांची साथ ही साम्ये खरी आहेत. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले. इतिहासकार आर्ट बर्टन यांनी ही शक्यता मांडली; पण ट्रेंडल किंवा स्ट्रायकर यांनी रीव्हज यांच्यावरून पात्र घेतल्याचा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. रीव्हज यांचे कर्तृत्व मोठे ठरण्यासाठी या दाव्याची गरजही नाही.

मुखवट्यावरून खटला का झाला?

मालिकेचे हक्क ट्रेंडल यांनी १९५४ मध्ये उद्योजक जॅक रॅथर यांना ३० लाख डॉलरना विकले. मालिका संपल्यावरही क्लेटन मूर मुखवटा घालून जत्रा, दुकानांची उद्घाटने, मुलांचे कार्यक्रम अशा ठिकाणी जात राहिले. नवा चित्रपट काढण्याच्या तयारीत असलेल्या हक्कधारक कंपनीने १९७९ मध्ये न्यायालयाकडून त्यांना मुखवटा घालण्यास मनाई मिळवली. मूर यांनी मुखवटा उतरवला आणि तसाच दिसणारा मोठा काळा चष्मा चढवला. लोकांची सहानुभूती त्यांच्या बाजूने गेली. १९८१ मध्ये आलेला नवा चित्रपट आपटला आणि १९८४ मध्ये मूर यांना मुखवटा परत मिळाला. ‘वॉक ऑफ फेम’वरील त्यांच्या ताऱ्यावर अभिनेत्याच्या नावासोबत ‘द लोन रेंजर’ हे पात्राचे नावही कोरलेले आहे.

एका माणसाला आपला मुखवटा परत मिळावा म्हणून सारा देश हळहळला. दुसऱ्याला आपली भाषा परत मिळावी, अशी मागणी मात्र तेव्हा फारशी कुणी केली नाही.

पुढे टोंटोचे काय झाले?

कादंबरीकार शर्मन अलेक्सी यांनी १९९३ मध्ये आपल्या कथासंग्रहाच्या नावातच लोन रेंजर आणि टोंटो यांची स्वर्गात मारामारी लावून दिली. मूळनिवासी समाजातील नव्या पिढीला या जोडीविषयी काय वाटते, याचा तो सूचक होता. डिस्नेने २०१३ मध्ये मोठ्या खर्चाचा ‘द लोन रेंजर’ काढला. त्यात कथा सांगतो तो टोंटो; पण भूमिका जॉनी डेप यांना दिल्याने पुन्हा वाद झाला. ज्या भूमिकेत १९४९ मध्ये मोहॉक अभिनेता होता, ती ६४ वर्षांनी एका प्रस्थापित ताऱ्याकडे गेली. चित्रपट तिकीटबारीवर कोसळला. खरा बदल दिसला तो २०२१ ते २०२३ या काळातील ‘रिझर्व्हेशन डॉग्ज’सारख्या मालिकांमधून, जिथे लेखक आणि दिग्दर्शकही मूळनिवासी आहेत आणि कुणाच्याही मागे घोडा हाकण्याची गरज कुणालाच नाही.

आज पहिला भाग का पाहावा?

जेमतेम २३ मिनिटांचा हा कृष्णधवल भाग मोबाइलवर चहा संपेपर्यंत पाहून होतो. निवेदकाचा ठणठणीत आवाज, साधी मारामारी, सरळसोट खलनायक हे सगळे आता जुने वाटते. पण गुहेतील प्रसंग जुना होत नाही. एक माणूस दुसऱ्याच्या जखमेवर पाणी लावतो, रात्र जागून काढतो आणि बाहेर जाऊन सहावे थडगे खणतो. त्या रिकाम्या थडग्यामुळे नायक जिवंत राहतो.

मालिकेने त्यानंतर २२० भाग त्या वाचलेल्या माणसाच्या नावाने चालवले. भाषेतही त्याचेच नाव राहिले. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मथळ्यात कुणाला ‘लोन रेंजर’ म्हटलेले दिसले, तर एक प्रश्न जरूर विचारावा : याच्या जखमा बांधणारा कोण होता आणि त्याचे नाव बातमीत कुठे आहे?